इराणची घटनाक्रांती कोणी बुडवली? तिजोरी, पलटण आणि दोन साम्राज्यांचा समेट

प्रश्न थोडक्यात असा आहे: इराणमध्ये १९०६ साली लोकांनी शहाकडून घटना मिळवली, आणि १९११ संपायच्या आत मजलिस, म्हणजे तिथली संसद, बंद पडली. काही जण म्हणतात रशिया आणि ब्रिटनने तिचा गळा घोटला. काही म्हणतात मुल्ला, खान आणि पुढारी आपसांत लढून संपले. यातलं खरं कोणतं? आणि अशा क्रांतीचं भवितव्य परराष्ट्रांच्या राजकारणावर किती अवलंबून होतं, हे तपासायची काही रीत आहे का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. दोन्ही म्हणणी खरी आहेत, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. क्रांती दुबळी का राहिली, याचं उत्तर बरंचसं तेहरानात सापडतं. ती नेमकी डिसेंबर १९११ मध्ये का पडली, याचं उत्तर लंडन, सेंट पीटर्सबर्ग आणि काही अंशी बर्लिनमध्ये आहे. वादात बहुतेक वेळा हे दोन प्रश्न एकात मिसळतात आणि मग चर्चा पुढे सरकत नाही.

म्हणून ‘दोष कोणाचा’ हे क्षणभर बाजूला ठेवा. त्याऐवजी दोन गोष्टी विचारा. बाहेरची सत्ता आत शिरली ती कोणत्या दाराने? आणि तिला आत शिरणं कोणत्या वेळी परवडलं? इराणपुरतं बोलायचं तर दारं दोन होती, तिजोरी आणि पलटण. आणि शिरणं परवडलं ते रशिया आणि ब्रिटन यांचं आपसांत जमलं तेव्हा.

आधी क्रांती जमली कशी ते पाहू, कारण तिथेही परराष्ट्र राजकारणच पायाशी होतं. १९०४-०५ च्या युद्धात जपानने रशियाला हरवलं आणि पाठोपाठ रशियातच क्रांती पेटली. तेहरानच्या दरबारावर ज्या शेजाऱ्याचं सर्वांत जास्त वजन होतं, तोच घरच्या आगीत अडकला. त्याच युद्धाने व्यापार विस्कळीत होऊन साखर महागली. डिसेंबर १९०५ मध्ये तेहरानच्या सुभेदाराने साखरेच्या व्यापाऱ्यांना तळपायांवर फटके मारवले, आणि बाजार व उलेमा एकत्र येऊन शाह अब्दुल अझीमच्या दर्ग्यात ‘बस्त’ बसले. बस्त म्हणजे ज्या जागेत सरकार हात घालू शकत नाही अशा जागी आश्रय घेऊन धरणं धरणं. पहिली मागणी फक्त ‘अदालतखान्या’ची होती. १९०६ च्या उन्हाळ्यात उलेमा, म्हणजे धर्मपंडित, कुम या तीर्थक्षेत्री निघून गेले आणि बाजारकरी ब्रिटिश वकिलातीच्या बागेत शिरले. थोड्याच दिवसांत तिथे १२ ते १४ हजार माणसं झाली. प्रत्येक पेठेचा, प्रत्येक धंद्याचा वेगळा तंबू, मोठमोठ्या कढयांतून रांधलेलं जेवण. मागणी अदालतखान्यावरून घटनेवर आणि मजलिसवर गेली ती याच बागेत. ५ ऑगस्ट १९०६ ला मुजफ्फरुद्दीन शहाने फर्मान काढलं, ऑक्टोबरात मजलिस बसली, आणि ३० डिसेंबरला मरणाच्या दारातल्या शहाने मूलभूत कायद्यावर, म्हणजे घटनेवर, सही केली. त्याच्यामागे मुलगा मोहम्मद अली शहा झाला.

इथे एक सावधगिरी हवी. यावरून ‘क्रांती इंग्रजांनी घडवली’ असा निष्कर्ष अनेक जण काढतात, तो चुकीचा आहे. वकिलातीने लोकांना बोलावलं नव्हतं, फक्त परत घालवलं नाही. लोकांनी ती बाग निवडली, कारण रशियाच्या कलाने चालणाऱ्या दरबाराला ब्रिटिशांच्या दारात गोळ्या घालणं जमणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. दोन साम्राज्यांच्या वैरातली फट त्यांनी ओळखली आणि ती नीट वापरली. ही त्यांची हुशारी होती.

ती फट ३१ ऑगस्ट १९०७ ला बुजली. त्या दिवशी सेंट पीटर्सबर्गमध्ये ब्रिटन आणि रशिया यांचा करार झाला. तिबेट आणि अफगाणिस्तानही त्यात होते, पण इराणचे तीन पट्टे पडले. उत्तरेचा मोठा पट्टा रशियाकडे, त्यात तेहरान, तब्रीझ आणि इस्फहान आले. आग्नेयेचा पट्टा, म्हणजे सीस्तान, केरमान आणि बंदर अब्बास, ब्रिटनकडे. मधला भाग दोघांना मोकळा. इराणला विचारलं नव्हतं, सही झाल्यावर कळवलं. करारात इराणच्या स्वातंत्र्याचा आणि अखंडतेचा आदर करण्याचं वचन आहे, आणि पुष्कळ वाचक तेवढंच उद्धृत करतात. त्याच्या पुढची चौथी आणि पाचवी कलमं वाचा. कर्जाचे हप्ते नियमित आले नाहीत, तर तारण असलेल्या महसुलावर देखरेख बसवण्याची सोय त्यांत आहे. तिजोरीच्या दाराला तिथेच खिट्टी बसवून ठेवली होती.

ब्रिटनने असं का केलं? एक कारण जर्मनी. युरोपात जर्मनीला आवर घालायचा तर रशिया जवळ हवा. दुसरं कारण हिंदुस्थान. सीस्तान आपल्याकडे राहिलं की बलुचिस्तानच्या बाजूने रशिया येण्याची धास्ती कमी होत होती. पट्ट्यांच्या रेघांत इराणमधल्या लोकांचा विचार कुठेच नाही. हिंदुस्थानच्या सरहद्दीपासून रशियाला किती लांब ठेवता येईल, हे त्यांतलं मूळ मोजमाप आहे.

फरक पाहायचा तर एकाच जागेची दोन चित्रं शेजारी ठेवा. १९०६ मध्ये ब्रिटिश वकिलातीच्या बागेत हजारो लोक घटना मागत बसले होते. २३ जून १९०८ ला रशियन कर्नल ल्याखोवच्या हाताखालच्या कोसॅक ब्रिगेडने, म्हणजे शहाच्या पलटणीने, मजलिसच्या इमारतीवर तोफा डागल्या, तेव्हा त्याच वकिलातीत काही डझन माणसं जीव वाचवायला पोचली. प्रतिनिधी तकीझादे आणि पत्रकार देहखोदा त्यांत होते. त्यांना देश सोडून जाता येईल एवढीच हमी मिळाली. घटनेबद्दल कोणी शब्द काढला नाही.

आता दोन दारांकडे येऊ, कारण या विषयावर लिहिलेल्या बऱ्याच टिपणांत नेमकी हीच बाजू लंगडी असते.

पहिलं दार तिजोरीचं. इराणने रशियाकडून १९०० मध्ये सव्वादोन कोटी रूबल आणि १९०२ मध्ये आणखी एक कोटी रूबल कर्ज घेतलं. तारण होतं जकातीचं, आखातातली बंदरं वगळून. शिवाय रशियाच्या संमतीवाचून दुसऱ्या देशाकडून कर्ज घ्यायचं नाही अशी अट होती. जकातीचा कारभार नाउस या बेल्जियन अधिकाऱ्याकडे होता. म्हणजे सर्वांत खात्रीचं उत्पन्न गहाण, त्याचा हिशेब परक्याच्या हातात, आणि दुसऱ्या सावकाराकडे जायची मुभा नाही. पहिल्या मजलिसला हे कळत होतं. नोव्हेंबर १९०६ मध्ये तिने ब्रिटन-रशियाचं ४ लाख पौंडांचं संयुक्त कर्ज नाकारलं आणि राष्ट्रीय बँक काढायचं ठरवलं. लोकांनी वर्गणी दिली, बायकांनी दागिने दिले, पण बँक उभी राहिली नाही. मजलिसने नाउसला काढायला लावलं, ‘तुयूल’ म्हणजे सरदारांना तोडून दिलेल्या महसुलाची पद्धत रद्द केली, शहजाद्यांची पेन्शनं छाटली. ही सगळी पावलं योग्य होती. त्यांचा एक परिणाम मात्र असा झाला की नव्या पैशाची सोय व्हायच्या आत दरबारातला प्रत्येक पेन्शनखाऊ मजलिसचा शत्रू झाला.

मूलभूत कायद्यातली २३ ते २५ ही कलमं मुद्दाम वाचा. परकी सवलत, तह किंवा सरकारी कर्ज, मजलिसच्या मंजुरीशिवाय काहीही नाही. क्रांती आणि परराष्ट्रं यांची खरी टक्कर इथे होती. एकटा शहा असला की त्याला युरोपच्या सफरीसाठी पैसे द्यावेत आणि सही घ्यावी. दीडशेच्या आसपास प्रतिनिधी, वर्तमानपत्रं आणि अंजुमनं, म्हणजे गावोगावची राजकीय मंडळं, असली की तसं चालत नाही. रशियाला घटनेचा राग होता तो तत्त्वज्ञानामुळे कमी आणि या तीन कलमांमुळे जास्त, असं माझं मत आहे. झारला आपल्या सरहद्दीला लागून घटनात्मक राजवट नको होती हेही खरं. पण आपल्याच घरी त्याने १९०६ मध्ये ड्यूमा, म्हणजे रशियाची संसद, बसू दिली होती.

दुसरं दार पलटणीचं. कोसॅक ब्रिगेड १८७९ मध्ये नासिरुद्दीन शहाने उभी केली. शिपाई इराणी, वरचे अधिकारी रशियन. देशात शिस्तीची म्हणावी अशी पलटण ही एकच, आणि १९०८ मध्येही ती फार तर दीड हजाराच्या घरातली. मराठी वाचकाला इथे तैनाती फौज आठवेल. साम्य आहे, पण फरकही लक्षात ठेवा. तैनाती फौज परक्यांचीच असायची. इथे पलटण कागदोपत्री शहाची होती, फक्त तिचा सेनापती दुसऱ्या राजधानीकडे पाहायचा. त्यामुळे मजलिसवर तोफा चालल्या तेव्हा रशियाला ‘हा शहाचा घरचा मामला’ असं म्हणता आलं. मजलिसकडे स्वतःची फौज नव्हती. अंजुमनांचे सशस्त्र स्वयंसेवक होते, त्यांच्याकडे तोफा नव्हत्या आणि एकमुखी हुकूमही नव्हता. काही तासांत निकाल लागला.

इथपर्यंत वाचून कोणीही विचारेल की बाहेरचा हात इतका जड होता, तर १९०९ मध्ये घटनावादी जिंकले कसे? हा आक्षेप महत्त्वाचा आहे आणि ‘सगळं साम्राज्यवाद्यांनी केलं’ म्हणणाऱ्यांनी त्याला उत्तर दिलंच पाहिजे.

मजलिस पडली, पण वायव्येचं तब्रीझ शहर पडलं नाही. घटनावादी पुढारी सत्तार खान आणि बाकिर खान यांच्या मोहल्ल्यांनी शहाच्या फौजांचा १९०८ च्या उन्हाळ्यापासून एप्रिल १९०९ पर्यंत वेढा सोसला. शेवटी उपासमारीची वेळ आली. मिशनच्या शाळेत शिकवणारा अमेरिकन तरुण हॉवर्ड बॅस्करव्हिल एप्रिलमध्ये वेढा फोडायच्या प्रयत्नात मारला गेला. त्याच महिन्यात रशियन फौजा शहरात आल्या, कारण सांगितलं युरोपियनांचं रक्षण आणि धान्याचा रस्ता मोकळा करणं. वेढा उठला हे खरं, पण फौजा परत गेल्या नाहीत. तोवर कॅस्पियनकाठच्या गीलानमधून सिपहदार या सरदाराची माणसं आणि इस्फहानकडून सरदार असदचे बख्तियारी टोळीवाले तेहरानवर निघाले होते. जुलै १९०९ मध्ये त्यांनी राजधानी घेतली. मोहम्मद अली शहा रशियन वकिलातीत लपला आणि पदच्युत झाला. त्याचा अकरा वर्षांचा मुलगा अहमद गादीवर आला.

तेव्हा रशिया आडवा का आला नाही? फौजा कझवीनच्या रस्त्यावर होत्या. पण १९०८-०९ च्या हिवाळ्यात, ऑस्ट्रियाने बोस्निया घेतला त्या प्रकरणात, जर्मनी आणि ऑस्ट्रियापुढे रशियाला माघार घ्यावी लागली होती, आणि ब्रिटनची मैत्री त्याला गमवायची नव्हती. ब्रिटनच्या संसदेत इराणच्या बाजूने बोलणारे लोक होते, लंडनमध्ये ब्राउन आणि लिंच या इराणच्या पाठीराख्यांची पर्शिया कमिटी सतत आवाज उठवत होती. शिवाय दोघांनी मिळून शहाला घटना परत दे असा सल्ला आधीच दिला होता आणि तो टाळाटाळ करत आला होता. एका बदनाम शहासाठी मैत्री पणाला लावणं रशियाला परवडत नव्हतं. मी वर ‘परवडणं’ हा शब्द वापरला तो यासाठी. करार १९०७ पासून तोच होता. बदलत होतं ते हस्तक्षेपाचं मोल. १९०९ मध्ये ते महाग होतं, १९११ मध्ये स्वस्त झालं.

स्वस्त कसं झालं ते महिन्यांच्या क्रमाने पाहा, कारण संपूर्ण प्रकरणाची किल्ली इथे आहे. नोव्हेंबर १९१० मध्ये पॉट्सडॅमला झार आणि कैसर भेटले. त्यातून निघालेला करार १९ ऑगस्ट १९११ ला झाला. जर्मनीने उत्तर इराणमधलं रशियाचं विशेष स्थान मानलं, बदल्यात रशियाने बगदादपर्यंतच्या जर्मन रेल्वेला, म्हणजे बगदाद रेल्वेला, विरोध सोडला. इराणच्या पुढाऱ्यांना तिसरी सत्ता म्हणून जर्मनीची थोडी आशा होती, ती गेली. आणि ब्रिटनला भीती वाटू लागली की रशिया आपल्याला सोडून तिकडे सरकतो की काय. त्यात जुलै १९११ मध्ये अगादीरचं प्रकरण, म्हणजे मोरोक्कोवरून जर्मनी आणि फ्रान्स यांचा तंटा, उभं राहिलं आणि उन्हाळाभर युरोप युद्धाच्या कडेवर राहिला. अशा वेळी लंडनमध्ये परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांच्यापुढे तेहरानची मजलिस आणि रशियाची मैत्री यांपैकी एक निवडायची वेळ आली तर ते काय निवडतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

नेमक्या याच महिन्यांत दुसऱ्या मजलिसने तिजोरीचं दार आपल्या हातात घ्यायचा सर्वांत गंभीर प्रयत्न केला. मे १९११ मध्ये मॉर्गन शूस्टर हा अमेरिकन माणूस खजिनदार म्हणून आला. अमेरिकन निवडला तो मुद्दाम, म्हणजे दोन्ही साम्राज्यांपासून लांबचा. जूनच्या कायद्याने मजलिसने त्याला वसुली आणि खर्चावर व्यापक अधिकार दिले. त्याच्या ध्यानात लगेच आलं की वसुली करायला बंदुका लागतात, म्हणून त्याने खजिन्याचं स्वतंत्र झांडार्म, म्हणजे सशस्त्र पोलीस, दल काढलं. म्हणजे एकाच वेळी दोन्ही दारं बंद करायला घेतली. दलाच्या प्रमुखपदी त्याला मेजर स्टोक्स हा फारसी जाणणारा ब्रिटिश अधिकारी हवा होता. हा माणूस उत्तरेतही काम करणार म्हणून रशियाने हरकत घेतली, आणि ब्रिटनने पाय मागे घेतला.

यात शूस्टरचं चुकलं का? काम त्याने प्रामाणिकपणे आणि झपाट्याने केलं. जुलैमध्ये पदच्युत शहा कॅस्पियनच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्याविरुद्धच्या मोहिमेला पैसा पुरवला गेला आणि सप्टेंबरपर्यंत ती स्वारी मोडली. पण १९०७ चा करार आपण मानतच नाही असं तो वागला. कायद्याने ते बरोबर होतं, कारण इराणने त्या करारावर सही केली नव्हती. हत्यारबंद शेजाऱ्यापुढे मात्र नुसतं बरोबर असणं पुरत नाही. ऑक्टोबरात बंडात सामील झालेल्या शुआउस्सल्तने या शहजाद्याची मालमत्ता जप्त करायला त्याची माणसं गेली, तिथे रशियन कॉन्सुलेटने आडकाठी केली, आणि रशियाला निमित्त मिळालं.

पहिल्या खलित्यात रशियाने इराणने माफी मागावी असं म्हटलं होतं. इराणने २४ नोव्हेंबरला ती मागितलीसुद्धा. २९ नोव्हेंबरला दुसरा, निर्वाणीचा खलिता आला, मुदत ४८ तास. मागण्या तीन. शूस्टरला काढा. यापुढे रशियन आणि ब्रिटिश वकिलातींच्या संमतीशिवाय परकी अधिकारी नेमू नका. आणि आमच्या फौजा तुमच्याकडे आणण्याचा खर्च भरा. मधली मागणी सर्वांत जड आहे. शूस्टर गेला तरी दुसरा आणता आला असता. या अटीनंतर कोणाची नेमणूक करायची हेही राज्याच्या हातात उरत नव्हतं. १ डिसेंबरला मजलिसने खलिता फेटाळला. फौजा कझवीनपर्यंत आल्या, तिथून तेहरान सुमारे १५० किलोमीटर. अखेर मंत्रिमंडळाने मागण्या मान्य केल्या आणि २४ डिसेंबर १९११ ला पोलिसांच्या बळावर मजलिसला कुलूप घातलं. पोलीसप्रमुख होता येप्रेम, १९०९ मध्ये गीलानच्या तुकड्यांबरोबर तेहरान जिंकणारा. तब्रीझमध्ये रशियनांनी सिकतुल इस्लाम या धर्मगुरूला आशूऱ्याच्या दिवशी फाशी दिलं. मार्च १९१२ मध्ये मशहदला इमाम रझांच्या दर्ग्यावर तोफा चालवल्या.

आता आतल्या चुकांबद्दल, कारण त्या झाकून चालणार नाही. शेख फजलुल्लाह नूरी या बड्या धर्मगुरूंनी घटनेला विरोध केला आणि शहाला साथ दिली. १९०९ मध्ये त्यांना भर चौकात फाशी दिलं गेलं, आणि पुष्कळ उलेमांचं मन तिथे उडालं. जुलै १९१० मध्ये बेहबहानी यांचा खून झाला. ते क्रांतीच्या दोन आद्य मुजतहिदांपैकी, म्हणजे वरिष्ठ धर्मशास्त्र्यांपैकी, एक. डेमोक्रॅट आणि मवाळ हे दोन पक्ष त्यानंतर एकमेकांकडे संशयानेच पाहत राहिले, तकीझादेंना देश सोडावा लागला. ऑगस्ट १९१० मध्ये सरकारी फौजांनी सत्तार खानाच्या माणसांची हत्यारं काढून घेतली आणि त्या चकमकीत तो जखमी झाला. बख्तियारी खानांनी मंत्रिपदं घेतली आणि मजलिसपेक्षा आपल्या टोळीचा हिशेब जास्त पाहिला. दक्षिणेचे रस्ते लुटारूंच्या हातात गेले, त्यामुळे ऑक्टोबर १९१० मध्ये ब्रिटनला ‘तीन महिन्यांत बंदोबस्त करा, नाहीतर आम्ही करू’ असं लिहिता आलं.

या सगळ्याने क्रांती पोखरली. तरीही माझं वजन बाहेरच्या कारणाकडे झुकतं. डिसेंबर १९११ मध्ये मजलिस पांगलेली नव्हती. पदच्युत शहाला नुकतंच हरवलं होतं, खजिना प्रथमच सावरू लागला होता, आणि खलित्यावर तिने ठाम निर्णय दिला होता. आजारी माणूस बरा होत असताना त्याच्यावर वार झाला, तर मरणाचं कारण आजार असं लिहीत नाहीत. तुम्ही १९१० चा ऑगस्ट पाहिलात तर कदाचित उलट मत होईल, आणि तेही रास्त असेल. कोणता महिना पाहता यावर उत्तर किती बदलतं, हे इथे दिसतं.

ही रीत दुसरीकडे लागू होते का, हे मात्र परिस्थितीवर आहे. इजिप्त इराणच्या सर्वांत जवळचा आहे. १८८२ मध्ये तिथल्या प्रतिनिधिसभेने कर्जफेडीला न गुंतवलेल्या अर्थसंकल्पावर मतदानाचा हक्क मागितला. कर्जाच्या देखरेखीला बसलेल्या इंग्रज-फ्रेंच नियंत्रकांनी नकार दिला. जानेवारीत संयुक्त खलिता, जुलैत अलेक्झांड्रियावर तोफा, सप्टेंबरात तेल-अल-कबीरला क्रांतीचा सेनानी उराबी याचा पराभव. तिजोरीचंच दार.

चीनमध्ये सावकारांना फौज पाठवावी लागली नाही. एप्रिल १९१३ मध्ये पाच देशांच्या बँकांनी अध्यक्ष युआन शिकाईला अडीच कोटी पौंडांचं कर्ज दिलं, संसदेला न विचारता, मिठाच्या करावर. वटाव जाऊन हातात आले सुमारे २ कोटी १० लाख. मिठाच्या खात्यावर बसवलेला सर रिचर्ड डेन हा हिंदुस्थानच्या सनदी सेवेतला जुना अधिकारी होता. त्या पैशाने युआनने विरोधक चिरडले आणि जानेवारी १९१४ मध्ये संसद विसर्जित केली.

तुर्कस्तानात उलटं घडलं, आणि म्हणून ते उदाहरण जपून वापरा. १९०८ च्या जुलैत घटना परत आली ती फौजेच्याच जोरावर, म्हणजे पलटण क्रांतीची होती. पण ऑक्टोबरच्या ५ आणि ६ तारखेला बल्गेरिया स्वतंत्र झाला, ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला, क्रीटने ग्रीसशी जोडून घेतलं. मग लिबिया, मग बाल्कन युद्ध. प्रत्येक पराभवाने घटनावाद्यांची अब्रू घटत आणि लष्कराची निकड वाढत गेली, आणि जानेवारी १९१३ मध्ये अन्वर या लष्करी अधिकाऱ्याच्या माणसांनी बंदुकीच्या धाकाने मंत्रिमंडळ उलथवलं. तिथे बाहेरच्या दबावाने राज्य फोडलं, आणि घटनेला तिच्याच रक्षकांनी संपवलं. हाती पलटण असली की घटना वाचतेच असं नाही.

‘फसली’ या शब्दाबद्दलही एक गोष्ट. इराणची घटना १९११ मध्ये रद्द झाली नाही. मजलिस तीन वर्षांनी, डिसेंबर १९१४ मध्ये पुन्हा बसली, आणि तो कायदा कागदावर १९७९ पर्यंत राहिला. १९१९ मध्ये ब्रिटनने इराणच्या पंतप्रधानाकडून जवळजवळ संरक्षित राज्य करणारा करार सही करून घेतला, पण तहाला मजलिसची मंजुरी हवी हे २४ वं कलम आडवं आलं. मंजुरी मिळालीच नाही, आणि १९२१ मध्ये करार मोडीत निघाला. १९४७ मध्ये सोव्हिएत तेल-सवलत मजलिसनेच नाकारली. संस्थाही उरल्या. मजलिसचं ग्रंथालय आणि छापखाना उभारणारे झरतुष्ट्री प्रतिनिधी अर्बाब कैखुस्रो शाहरुख हे मुंबईत शिकलेले. जे तीन-चार परिच्छेद क्रांतीच्या मरणाचे लिहाल, त्यात एक या टिकलेल्या भागाचा ठेवा.

आता स्वतः तपासायचं असेल तर काम असं करा. एका कागदावर तीन रकाने आखा: तेहरान, दोन वकिलाती, युरोप. नुसतं वर्ष न लिहिता महिना आणि दिवसही लिहा. तारखांत हमखास घोळ होतो. रशियन कागद जुन्या पंचांगाने १३ दिवस मागे असतात, इराणी कागद चांद्र हिजरी सनाचे असतात. मजलिसवर तोफा चालल्या तो २३ जून १९०८ हा रशियन कागदात १० जून आहे आणि हिजरीत २३ जमादिउल अव्वल १३२६. दोन्हीकडे २३ आकडा आल्याने महिना चुकवणारे बरेच आहेत.

चौथा रकाना पैशाचा करा. त्या महिन्यात पगार कोणाला मिळाला, कुठल्या उत्पन्नातून, कोणत्या बँकेतून. ब्रिगेडचा पगार वेळेवर झाला आणि मजलिसच्या पहारेकऱ्यांचा थकला, एवढं कळलं तरी अर्धं चित्र दिसतं.

ब्रिटनची ब्लू बुकं, म्हणजे सरकारी पत्रव्यवहाराचे छापील खंड, वाचताना ती संसदेपुढे ठेवण्यासाठी निवडलेली कागदपत्रं आहेत हे विसरू नका. जे वगळलं ते कशामुळे, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या खंडाजवळ विचारा. रशियाने इराणवर काढलेलं तसंच नारिंगी पुस्तक शेजारी ठेवा, एकाच भेटीची दोन वर्णनं मिळतात. शूस्टरने स्वतः लिहिलेलं वाचा, पण तो पक्षकार आहे हे धरून. आणि राजदूत काय म्हणाला यापेक्षा त्या आठवड्यात फौज कुठे होती, हे आधी शोधा.

सगळा काळ एकदम हातात घेऊ नका. ऑक्टोबर १९१० ते डिसेंबर १९११ एवढे पंधरा महिने आधी पुरे करा. दक्षिणेच्या रस्त्यांवरचं ब्रिटनचं पत्र, पॉट्सडॅम, शूस्टरचं येणं, शहाची स्वारी, अगादीर आणि दोन खलिते इतकं सगळं त्यात बसतं. ते जमलं की मागे १९०७ च्या ऑगस्टकडे जा.